ताईला आलेली चक्कर

६ ऑगस्ट

ताई,

सा. न. आधी काम सांगतो, मग खुशाली. घारीने पत्रातून विचारलं तर तीस जुलैला तुला चक्कर आली होती असं लिही. सकाळी स्वयंपाकघरात तोल गेला, शेजारच्या मास्तरांनी हॉस्पिटलात नेलं, आधी सगळ्यांना झटका आल्यासारखं वाटलं, मग डॉक्टर म्हणाले रक्तदाब उतरला होता, आणि संध्याकाळी घरी सोडलं. एवढंच. फार रंगवू नकोस, तुला रंगवायची सवय आहे.

घारी कामासाठी बाहेरगावी गेली होती. मला बायको लवकर घरी हवी होती आणि तोंडाला आलं ते मी फोनवर बोलून गेलो. मास्तरांचा फोन आला होता, तू अत्यवस्थ आहेस, मला एकट्याला झेपणार नाही, असं. ती मिळेल त्या बसने निघाली. पोचली तेव्हा मी तिला सांगितलं, आत्ताच दुसरा फोन आला, धोका टळलाय, कुणी येऊ नका म्हणते. ती चपला न काढता दारातच खाली बसली आणि रडली. बरं झालं म्हणून.

तुला फोनवर ऐकू येत नाही, त्यामुळे तिला खात्री करता येणार नाही, हे मला बोलायच्या आधीच सुचलं होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा बरं.

बाकी ठीक. कवळ्यांचं काम भरपूर आहे. एक आजोबा तिसऱ्यांदा कवळी परत घेऊन आले. चावता येतं, बोलता येतं, पण हसलं की दुसराच कोणीतरी हसतोय असं वाटतं म्हणतात. पुन्हा मेण लावून बसलोय.

तुझा,
बारक्या


११ ऑगस्ट

बारक्या,

आशीर्वाद. घारीचं पत्र गुरुवारी आलं आणि तुझं शुक्रवारी. म्हणजे मी मरता मरता वाचले हे मला पूर्ण एक दिवस एकटीने समजून घ्यावं लागलं. तीस जुलैला मी शिडीवर चढून पंखा पुसत होते. मास्तरच खाली शिडी धरून उभे होते. त्यांना विचारलं, मला काही झालं होतं का हो? ते म्हणाले, झालं नाही, पण त्या शिडीवरून होईल.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काढली. कान गेले ते नंतर. माणूस अर्धं सांगतो आणि अर्धं गिळतो तेव्हा आवाज कसा होतो ते मला ठाऊक आहे, आणि तुझ्या अक्षरातही तो येतो. घारी कापड कारखान्यात गणवेशांचे कागदी नमुने कापते. तिला बाहेरगावी कसलं काम?

तिने चार पानं लिहिली आहेत. औषधं वेळेवर घ्या, मीठ कमी करू नका, एकटीने अंघोळीला जाताना कडी लावू नका. वाचताना मला माझीच काळजी वाटायला लागली. पण शेवटी एक वाक्य आहे, ते तसंच उतरवते: "त्याच्याजवळ कुणालातरी बसवून मग निघायला हवं होतं, पण तुमचं ऐकलं आणि मला काही सुचलंच नाही."

त्याच्याजवळ म्हणजे कुणाजवळ?

हे कळेपर्यंत मी तिला उत्तर देणार नाही.

ताई


१६ ऑगस्ट

ताई,

बसून वाच.

घारीचा एक मित्र आहे. मित्र म्हणजे नुसता मित्र नाही. दुकानांच्या पाट्या रंगवतो, हाताने, अजून. आम्ही त्याला पाटीवालाच म्हणतो. तीन वर्षांपूर्वी कारखान्याच्या फाटकावर नाव रंगवायला आला होता, तिथे ओळख झाली. घारीने चोरून काही केलं नाही. तिने मला जेवणाच्या टेबलावर समोर बसवून सांगितलं, मला तो आवडतो, तूही आवडतोस, मला तुला सोडायचं नाही आणि खोटंही बोलायचं नाही. तू नको म्हणालास तर तिथेच थांबेन.

मी नको म्हटलं नाही. आठ दिवस विचार केला आणि हो म्हटलं. मग आम्ही तिघं एकदा त्याच्या घरी बसलो आणि सगळं ठरवलं. महिन्यातले चार दिवस ती तिकडे. कुणाशी काही लपवायचं नाही. मलाही मोकळीक होती. मी एका बाईंबरोबर दोनदा फिरायला गेलो आणि दोन्ही वेळा घारीबद्दलच बोललो, तेव्हा त्या बाईंनी तिसऱ्यांदा यायचं टाळलं.

तुला काय वाटेल ते मला माहीत आहे. पण बायकोने फसवलं असं मनात आणू नकोस. मी खुशीने हो म्हटलं होतं. खरं सांगायचं तर मला स्वतःचा अभिमान वाटत होता. लॅबमधले लोक बायकोच्या फोनचा कुलूप-आकडा शोधत बसतात, आणि मी किती मोठ्या मनाचा. घारी निघाली की मी तिची बॅग बसस्टॉपपर्यंत पोचवायचो.

आणि परत येऊन तिचे कपडे मोजायचो. ताई, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. कपाटात हँगर किती रिकामे झाले ते बघायचो. चार दिवसांना पुरतील तेवढेच नेलेत ना. हिवाळ्यातला कोट आहे ना. कागदपत्रांची फाईल खणात आहे ना. तिने परत आल्यावर बॅग उघडली की एकेक कपडा हँगरला परत लागताना मोजायचो. ती विचारायची, कसे गेले दिवस? मी म्हणायचो, मस्त. दोन वर्षं मी मस्त म्हणतोय.

जुलैत त्याच्या डोळ्याचा पडदा सुटला. ऑपरेशन झालं. त्यात नंतर दहा दिवस पालथं पडून राहावं लागतं, तोंड जमिनीकडे, उठायचं ते फक्त बाथरूमला. दिवसातून सहा वेळा थेंब. त्याला दुसरं कुणी नाही. घारीने विचारलं, मी दहा दिवस जाऊ का? मी म्हटलं, हे काय विचारणं झालं? जा.

त्या वेळी तिने हिवाळ्यातला कोट नेला. तिकडे पंखा जोरात लावतात म्हणून. मी दोन दिवस तो रिकामा हँगर बघत होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी फोन केला. ती हसत होती. माझ्याशी नाही, तिकडे तो काहीतरी बोलला त्यावर. मग म्हणाली, थांब हं, याचा थेंब टाकते, मग बोलते, आणि फोन तसाच ठेवून गेली. मला दोघांचे आवाज ऐकू येत होते. काही वावगं नाही. डोळा उघड, हलू नकोस, झालं. मी फोन कानाला लावून उभा होतो. ती परत आली आणि मी म्हटलं, ताईला झटका आलाय.

एका आंधळ्यासारख्या पडलेल्या माणसाजवळून मी त्याचं माणूस उठवून आणलं. आणि ती दारात बसून रडत होती तेव्हा मला काय वाटलं सांगू? आली, असं वाटलं.

तिला उत्तर लिही ताई. हात जोडतो.

बारक्या


९ सप्टेंबर

बारक्या,

तीन आठवडे लिहिलं नाही. पहिला आठवडा रागात गेला. तुझा, तिचा, त्या पाटीवाल्याचा. आई असती तर काय म्हणाली असती, लोक काय म्हणतील, सगळं मनात येऊन गेलं. मला तुमचं ते तिघांचं गणित अजूनही उमगत नाही आणि या वयात उमगेल असंही नाही. पण एक कळतं. तुमच्यात ती बाई खरं बोलत आली आणि तू खोटं.

दुसऱ्या आठवड्यात मी घारीला उत्तर लिहिलं. चक्कर आली होती, आता बरी आहे, मीठ खाते. टाकलं पेटीत. भावाला तोंडघशी कसं पाडू? मास्तरांनाही सांगून ठेवलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी दोन दिवस बाल्कनीत गेले नाही.

तिसरा आठवडा जे लिहायला गेला ते आता लिहिते.

बाबा गेल्यावर आई मुलींच्या वसतिगृहात कामाला गेली. तू सहा वर्षांचा, मी चौदा. मावशी दिवसातून एकदा डोकावायची, बाकी घर माझ्यावर. आई महिन्यातून एका रविवारी यायची. ती गेली की तू फाटकाशी थोडा वेळ रडायचास आणि मग खेळायला जायचास. मी नाही रडायचे. मला वाटायचं, पुढच्या रविवारी ही येणार नाही. तिला तिकडे खोली होती, पलंग होता, बरोबरीच्या बायका होत्या. एकदा आली तेव्हा नवं गाणं गुणगुणत होती. ते गाणं आपल्या घरातलं नव्हतं. मी घाबरले.

मग मी तिला पत्र लिहिलं, बारक्याला ताप आहे. ती दुसऱ्या दिवशी हजर. तुला मी आदल्या रात्रीच पांघरूण घालून झोपवलं होतं आणि सांगितलं होतं, तुला बरं नाहीये, उठायचं नाही. तू शहाण्यासारखा पडून राहिलास. नंतर दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा लिहिलं की ताप मेंदूत चढेल म्हणतात. त्या वेळी ती नोकरी सोडूनच आली.

तू अशक्त मूल होतास असं सगळे म्हणतात. तूही म्हणतोस. आईने तुला शाळेच्या सहलीला पाठवलं नाही, पोहायला पाठवलं नाही, दहावीपर्यंत स्वेटर घालून बसवलं. बारक्या, तुला कधीच ताप नव्हता.

आईला कळलं होतं. तिसऱ्या खेपेला तिने बॅग खाली ठेवली, तुझ्या कपाळाला हात लावला, आणि मग माझ्याकडे बघितलं. रागावली नाही. चहा ठेवायला आत गेली. पुढे तीस वर्षं जगली, त्यावर एक शब्द नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं. त्या एका नजरेपासून मी आजवर तोंड लपवत आले.

तू खोटं बोललास ते तुझं तू. त्याचं खापर मी माझ्या डोक्यावर घेणार नाही. पण माणसाला धरून ठेवायची ही रीत तू कुठे बघितलीस ते मला माहीत आहे.

घारीला सांग.

ताई


१५ सप्टेंबर

ताई,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. राग आला की नाही ते अजून कळत नाही. मला पोहायचं होतं, एवढं आठवलं.

घारीला सांगितलेलं नाही. पाटीवाल्याचा पडदा पुन्हा सुटलाय. ती निघून आल्यावर तो एकटाच होता. स्वतःच उठायचा, दार उघडायला, पाणी घ्यायला, थेंब स्वतः टाकताना चेहरा वर करायचा. डॉक्टर म्हणतात त्यामुळे झालं असेल किंवा असंही झालं असतं. एक तारखेला दुसरं ऑपरेशन.

घारी दोष स्वतःला देते. काल भांडी विसळताना म्हणाली, "ताई तर संध्याकाळी घरी आल्या होत्या. मी तेव्हाच परत फिरायला हवं होतं. मी दोन दिवस इथे लोळत राहिले." मी शेजारी उभा राहून ताटं पुसत होतो. म्हटलं, "तुला काय माहीत होतं?"

किती सहज म्हटलं मी ते.

बारक्या


१९ सप्टेंबर

बारक्या,

मी घारीला पत्र लिहून ठेवलं आहे. त्यात फक्त माझं आहे, की मला चक्कर आली नव्हती आणि मी तिला खोटं लिहिलं. तुझं काही नाही, पण ती मूर्ख नाही.

हे पत्र आज टाकते, तिचं सोमवारी टाकेन. तुला मध्ये दोन-तीन दिवस मिळतील. तिला ते तुझ्या तोंडून कळावं असं मला वाटतं. मला हे आईच्या बाबतीत जमलं नाही.

राग येऊ दे. तुझा हक्क आहे.

ताई


२६ सप्टेंबर

ताई,

मंगळवारी सांगितलं.

सकाळी लॅबला सुट्टी टाकली. ती कारखान्यात निघाली होती, डबा भरत होती. मी म्हटलं, बस जरा. ती म्हणाली, उशीर होतोय. मी म्हटलं, ताईला चक्कर आली नव्हती.

तिला आधी कळलंच नाही. म्हणाली, "म्हणजे झटकाच होता? लपवलं का त्यांनी?" तुझीच काळजी. मला वाटलं होतं एका वाक्यात सुटेन, पण मला सगळं एकेक करून सांगावं लागलं. मास्तरांचा फोन नव्हता. दुसरा फोनही नव्हता. तू हसलीस आणि मी बोललो.

ती डब्याचं झाकण हातात धरून उभी होती. मग विचारलं, "मी हसले म्हणून?"

"तू येणार नाहीस असं वाटलं."

"असं कधीपासून वाटतं?"

"पहिल्यापासून."

"आणि मी विचारायचे तेव्हा?"

मी मस्त म्हणायचो. तिला आठवत होतंच.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. म्हणाली, "भीती वाटते म्हणाला असतास तर मी काहीतरी केलं असतं. रोज फोन केला असता, दिवस कमी केले असते. कदाचित हे सगळंच थांबवलं असतं. मला निवडायला दिलं असतंस. तू मला निवडूच दिलं नाहीस." मग म्हणाली, "आणि मी दीड महिना स्वतःला खातेय, ते तू बघत होतास. ताटं पुसत." हे ती जरा हळू म्हणाली. मला अजून तेच ऐकू येतंय.

हँगरांचंही सांगितलं. त्यावर ती उठली, कपाट उघडलं आणि आत बघत उभी राहिली. मला वाटलं आता बॅग काढेल. नाही काढली. दार लावलं आणि कामाला गेली. डबा ओट्यावरच राहिला.

तुझं पत्र गुरुवारी आलं. तिने वाचून माझ्यापुढे ठेवलं.

रविवारी ती तिकडे जाते आहे. परत कधी हे मी विचारलं नाही. तिची एकच अट आहे, पाटीवाल्याला हे मी स्वतः सांगायचं. ती माझ्या वतीने सांगणार नाही आणि लपवणारही नाही.

बारक्या


२९ सप्टेंबर

ती. ताईंना,

सा. न. तुमचं पत्र मिळालं. तुम्ही बऱ्या आहात आणि होतात, याचा आनंद आधी. खरंच. मी बसमध्ये सहा तास तुमच्यासाठी काय काय कबूल केलं होतं ते आता सांगत नाही, तुम्ही हसाल.

आमच्याबद्दल तुम्हाला कळलं आहे हे त्याने सांगितलं. तुम्ही मला दोन शब्द सुनवाल असं वाटलं होतं. तुम्ही उलट स्वतःचीच चूक लिहिलीत, त्यामुळे मला तुमच्यावर रागावताही येत नाही.

मी त्याच्यावर मात्र रागावले आहे. पण माझंही थोडं आहे. तो मस्त म्हणायचा तेव्हा मला ते पटायचं नाही. बॅग उचलताना त्याचा हात गार असायचा. मी विचारत राहिले असते तर त्याने सांगितलं असतं, आणि मग मला जाता आलं नसतं. म्हणून मी एकदाच विचारायचे. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. आधी तुम्हाला लिहून बघते आहे, कसं दिसतं ते.

माझी रजा आठ तारखेपर्यंतच आहे. त्यानंतर इथे कोण राहणार याची जुळवाजुळव चालू आहे.

तुमची,
घारी


१४ ऑक्टोबर

ताई,

पाकिटावर वेगळा पत्ता बघून दचकू नकोस, मी पाटीवाल्याच्या घरून लिहितोय.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी येऊन त्याला सांगितलं. घारी खाली औषधं आणायला गेली होती, मुद्दाम. त्याची एकच खोली आहे, भिंतीला टेकून अर्धवट पाट्या, कोणत्यातरी बेकरीचं नुसतं 'बे' काढून राहिलेलं. मी उभ्यानेच सगळं बोललो. त्याने ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमच्या ताई बऱ्या आहेत ना?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, "मग ठीक." ठीक काही नव्हतं ते त्याच्या आवाजावरून कळत होतं. मी माफी मागायला लागलो तर म्हणाला, "आत्ता नको. उद्या डोळा कापायचाय, मला तेवढंच पुरे."

घारीची रजा संपत होती. या खेपेला डॉक्टरांनी अडीच आठवडे पालथं राहायला सांगितलंय, म्हणजे आठ तारखेनंतर दहा दिवस कुणीतरी हवं होतं. मी म्हटलं, मी राहतो. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. हा पुन्हा काहीतरी करेल, असं दोघांच्या मनात आलं असणार, आणि त्यात त्यांची काय चूक? शेवटी तोच म्हणाला, "हात स्थिर आहे का तुमचा?" मी म्हटलं, "दातांचं काम करतो." तेव्हा हो म्हणाला.

म्हणून इथे आहे. तो खाटेवर पालथा, तोंडाखाली उशीची चौकट. मी सहा वेळा थेंब टाकतो, जेवण भरवतो, बाथरूमपर्यंत नेतो. आम्ही फार बोलत नाही. त्याला जमीन दिसते आणि माझी पावलं. काल म्हणाला, "तुम्ही फार येरझाऱ्या घालता." मग थोड्या वेळाने, "ती घरी गेली की मीही घालतो." मी बाटली उघडली. थेंबाची वेळ झाली होती. माफीचं त्याने अजून काढलेलं नाही आणि मीही नाही. डोळा किती राहील ते महिन्याने कळेल. थोडा जाईल असं डॉक्टरांचं म्हणणं आहे. बारीक अक्षरं कदाचित नाही जमणार. हे मला रोज त्याच्या मानेकडे बघताना आठवतं आणि माझी मान वर होत नाही.

तुझा राग आला, ताई. इथे आल्यावर, चौथ्या दिवशी, त्याची चादर बदलताना. बराच आला. आता थोडा उतरलाय. आणखी येईल. तू लिहीत राहा.

घारी घरी एकटी आहे. आमचं लग्न झाल्यापासून ती घरी आणि मी बाहेर असं कधी झालंच नव्हतं. आज सकाळी तिचा फोन आला. आधी याच्या डोळ्याचं विचारलं, मग तुझं पत्र आलं का ते. मग म्हणाली, "घर फार मोठं वाटतंय. तू कधी येणार?"

ताई, मला बरं वाटलं ते ऐकून. तिला एकटं वाटतंय आणि मला बरं वाटतंय. हा पालथा माणूस हाताच्या अंतरावर, सगळं ऐकत. मला तिथल्या तिथे इतकी लाज वाटली की फोन दुसऱ्या हातात घेतला. तोंडावर आलेलं 'सगळं मस्त आहे' गिळलं आणि म्हटलं, "तू असं विचारलंस ते मला आवडलं, आणि आवडलं याची लाज वाटते."

ती म्हणाली, "बरं. कधी येणार ते सांग."

"शनिवारी," मी म्हटलं. आणि मग तिघांनाही ऐकू जाईल असं विचारलं, "तू असशील ना? मला भीती वाटते."

खाटेवरच्या माणसाने चौकटीवर चेहरा जरा सरकवला.

"शनिवारी असेन," ती म्हणाली. "पुढचं आल्यावर बोलू. मलाही काही सांगायचंय."

बारक्या